नेमाचे काव्यशास्त्र : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एक दुर्लक्षित सूत्र

मराठी ख्रिस्ती साहित्याकडे आपली समीक्षा आजवर प्रामुख्याने दोन वाटांनी गेली आहे. एक वाट भाषेच्या इतिहासाची. थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' हाती घ्यायचे, त्यातील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या वेगळ्या काढायच्या, उरलेल्या संहितेतील शब्दरूपे सतराव्या शतकातील भाषेचा नमुना म्हणून तपासायची आणि ग्रंथ मिटायचा. दुसरी वाट धर्मांतराची. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनात बाप्तिस्म्याचा क्षण गाठायचा. त्याच्या अलीकडचे सारे कारण म्हणून आणि पलीकडचे सारे परिणाम म्हणून वाचायचे. या दोन्ही वाटांनी बरेच काही हाती लागले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे साहित्य ज्या कामासाठी निर्माण झाले, ते काम या दोन्ही वाटांवरून दिसत नाही. ते काम म्हणजे श्रद्धेला रोजच्या जगण्यात बसवणे, तिला नेमाचे रूप देणे.

ही गोष्ट ध्यानात यायला प्रस्तुत लेखकालाही पुष्कळ वर्षे लागली. पदव्युत्तर वर्गात 'स्मृतिचित्रे' शिकवताना टिळकांचे ख्रिस्ती होणे, लक्ष्मीबाईंचा आकांत, दोघांचे पुन्हा एकत्र येणे आणि शेवटी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा असा एक चढता आलेख फळ्यावर काढण्याची माझी रीत होती. वसईकडच्या एका विद्यार्थिनीने एकदा विचारले, "पण सर, बाप्तिस्मा झाल्यावर बाई रोज काय करायच्या?" वर्ग हसला. मीही प्रश्न हसण्यावारी नेला. घरी परतताना मात्र जाणवले की, तिच्या दृष्टीने तोच एक प्रश्न खरा होता. तिच्या घरात कोणाचेही धर्मांतर झालेले कोणाच्या आठवणीत नव्हते. संध्याकाळची जपमाळ मात्र एकही दिवस चुकलेली नव्हती. जन्माने श्रद्धेत असलेल्या माणसाला श्रद्धा घटना म्हणून भेटत नाही. ती वेळ म्हणून भेटते.

'नेम' हा शब्द येथे विचारपूर्वक योजला आहे. सवय ही माणसाला लागते. नेम माणूस स्वतः धरतो. सवयीत संकल्प नसतो, नेमात असतो. आणि तरीही नेम मुरला की तो सवयीसारखाच अंगवळणी पडतो. शिवाय 'नेम धरणे' म्हणजे लक्ष्याचा वेध घेणे असाही अर्थ आपल्या भाषेने याच शब्दात ठेवला आहे. या शब्दाचा एक शेजारी म्हणजे 'अभ्यास'. आज तो शाळेपुरता उरला असला तरी गीतेच्या बाराव्या अध्यायातील अभ्यासयोगात त्याचा मूळ अर्थ पुन:पुन्हा करणे हाच आहे. चित्त स्थिर होत नसेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न कर, असा तो उपदेश. फ्रेंच विचारवंत पास्काल यांनीही सतराव्या शतकात, विश्वास ठेवू इच्छिणाऱ्या पण ठेवू न शकणाऱ्या माणसाला जवळपास हाच सल्ला दिला होता : श्रद्धावंत जे करतात ते करीत राहा, पवित्र पाणी घे, मिस्सा सांगव, श्रद्धा मागून येईल. बुद्धीला तो अपमानास्पद वाटतो. पण कृती आधी आणि भाव नंतर, हा क्रम जगभरच्या उपासनापरंपरांना परिचित आहे.

आपल्या साहित्यविचाराला मात्र तो परिचित नाही. किंबहुना त्याचे या क्रमाशी उघड वैर आहे. रशियन रूपवादी समीक्षक श्क्लोव्स्की यांनी १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात कलेचे कार्य अपरिचितीकरण हे सांगितले. सवय वस्तू गिळून टाकते, कपडे, घरसामान, पत्नी, युद्धाचे भय सगळेच गिळते. कला त्या वस्तूंना पुन्हा जाणवण्याजोगे करते, असा त्यांचा युक्तिवाद. पुराव्यादाखल त्यांनी टॉलस्टॉयच्या रोजनिशीतील एक नोंद घेतली आहे. खोली साफ करीत असता कोच पुसला की नाही हे टॉलस्टॉयना आठवेना. आणि ज्या कृतीचे भान नाही ती झालीच नाही असे म्हणावे लागत असेल, तर असे कितीतरी आयुष्य न जगल्यासारखेच ठरते, असे त्यांच्या मनात आले. हा निबंध आपल्याकडे पुढे फार मानला गेला. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानंतर नवकाव्य, नवकथा आणि साठोत्तरी लघुनियतकालिके या साऱ्यांची मूल्यदृष्टी वेगवेगळी असली, तरी पुनरुक्ती हा दोष आणि नवता हा गुण याविषयी त्यांचे एकमत होते. देशीवादानेही परंपरेचा कैवार घेतला खरा, पण तिच्यातील रोजच्या पठणाचे काव्यशास्त्र मांडण्याचे काम त्याच्या हातून झाले नाही.

गंमत अशी की, श्क्लोव्स्कींनी ज्यांना साक्षीला बोलावले त्या टॉलस्टॉयनीच उतारवयात वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी वाचन नेमून देणारी पुस्तके मोठ्या कष्टाने सिद्ध केली. 'वाचनचक्र' हे त्यांतले एक. कोच पुसल्याचे भान न राहिल्याने हळहळणारा आणि रोज सकाळी ठरलेले पान उघडा असे सांगणारा माणूस एकच आहे. सवयीला कंटाळलेल्या माणसाने दुसरी, अधिक शहाणी सवय शोधावी, असा हा प्रवास दिसतो. समीक्षेने त्यातील पहिला अर्धा उचलला.

ख्रिस्ती परंपरेच्या गाभ्यात हाच ताण आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू निरर्थक वटवटीच्या प्रार्थनेचा निषेध करतो. आणि लगेच पुढच्या काही वचनांत जी प्रार्थना शिकवतो, ती ख्रिस्ती जगात सर्वाधिक वेळा म्हटली जाणारी प्रार्थना ठरली. 'दिदाखे' या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत ती दिवसातून तीनदा म्हणावी असा दंडकच आहे. निषेध आणि नेम एकाच पानावर शेजारी बसले आहेत. या प्रार्थनेतील भाकरीच्या मागणीपाशी भाषांतरकार शतकानुशतके अडखळत आले. तेथे आलेला मूळ ग्रीक शब्द इतर ग्रीक लेखनात जवळजवळ सापडतच नाही. संत जेरोमनी लॅटिनमध्ये उतरवताना लूकच्या शुभवर्तमानात त्याचा अर्थ 'रोजची' असा केला आणि मत्तयात त्याच शब्दाचा अर्थ 'भौतिकापलीकडची' असा केला. म्हणजे मागायचे ते रोजचे की अलौकिक, हे त्या एका शब्दाने ठरू दिले नाही. कोकणीत तेथे 'गिरास' म्हणजे घास आला, मराठीत 'भाकर' आली. भाकरीची निवड मला विशेष अर्थपूर्ण वाटते. ती रोज थापावी लागते. शिळ्या भाकरीवर सकाळ काढणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे साठवणीला सर्वस्वी नकार असे काही म्हणता येणार नाही. तरी ती चार दिवस ठेवायची वस्तू नव्हे. निर्गमाच्या पुस्तकातील मान्ना तर रात्रभर ठेवला की त्यात किडे पडत. श्रद्धेचा साठा करता येत नाही, ही कल्पना मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही.

आता 'क्रिस्तपुराणा'कडे या दृष्टीने पाहू. स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, साष्टीत त्यांनी आयुष्य घालवले, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला. दोन पुराणे, ९५ अवस्वरू, सुमारे अकरा हजार ओव्या. ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग योजला आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंपाशी गाऱ्हाणे मांडतो : जुनी पुराणे तर आम्हांला वर्ज्य झाली, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही का नसावे? अभ्यासकांनी हा प्रसंग बहुधा ग्रंथाचे प्रास्ताविक म्हणून ओलांडला आहे. मला तो ग्रंथाचा खरा आशय वाटतो. त्या माणसाला सिद्धांत मिळाला होता, दोत्रीन पाठ झाली होती. मोडली होती ती त्याची संध्याकाळ. पुराण ऐकण्याची वेळ रिकामी पडली होती. विश्वास बदलता येतो, रिकामी वेळ तशीच राहते. आणि रिकाम्या वेळेत जुने दैवत परत येते, हे पाद्रीही ओळखून होते.

म्हणून स्टीफन्स यांनी ओवी घेतली. तिच्या निवडीचे श्रेय त्यांच्या मराठीप्रेमाला आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेला देण्याचा प्रघात आहे, तो चूक नाही. पण ओवी ही आधी लय आहे, जात्यापाशी आणि पुराणिकाच्या पाटावर अंगात भिनलेली. श्रोत्याच्या कानाची सवय तशीच ठेवून तिच्यात दुसरा आशय ओतायचा, ही त्यामागची योजना होती. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याचे धाडसही त्याच योजनेतले. सृष्टीची उत्पत्ती, नोहाचे तारू, मोशे, येशूचा जन्म, क्रुसावरचे मरण हे सारे ओळखीच्या चालीवर येते तेव्हा ऐकणाऱ्याला नवे काही स्वीकारतो आहोत असे वाटण्यापूर्वीच ते तोंडी बसलेले असते. श्क्लोव्स्कींच्या परिभाषेत बोलायचे तर हे परिचितीकरण आहे. अपरिचित आशय परिचित करून घेणे हेही एक कलाकार्य आहे आणि ते सोपे नाही. ग्रंथात ते सर्वत्र साधलेले नाही. मतमंडनाच्या जागी ओवी पंतोजीसारखी बोलू लागते. तेथे स्टीफन्स यांना श्रोता आठवत नाही, वरिष्ठ आठवतात, असे माझे मत आहे. जेथे कथा आणि शोक आहे, विशेषतः मरियेच्या दुःखाच्या प्रसंगी, तेथे मात्र पुन्हा पुन्हा म्हणावे असे काही त्यांच्या हातून घडले आहे.

याला पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा ग्रंथाच्या नशिबात आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तरीही संहिता टिकली. ती टिकली हस्तलिखितांत. गोव्यातून कानडा जिल्ह्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती जपली, आणि अशाच हस्तलिखितांच्या आधाराने जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून तिची आवृत्ती सिद्ध केली. छापील ग्रंथ नाहीसा होतो आणि हाताने उतरवलेला उरतो, याचा अर्थ एवढाच की, कोणाला तरी तो हवा होता आणि एकदा वाचून ठेवण्यासाठी नव्हे. ज्यांनी हजारो ओव्या बोरूने उतरवून काढल्या, त्यांना भाषेचा नमुना जतन करायचा नव्हता. चाळिशीचा उपवासकाळ दर वर्षी येत होता.

मात्र या ठिकाणी समीक्षकाने भाबडे राहून चालणार नाही. साष्टीतील नेम सर्वस्वी स्वेच्छेने धरलेला नव्हता. देवळे पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. १७३६ मध्ये त्याने काढलेला जाहीरनामा वाचला की, राज्यसत्तेला माणसाच्या रोजच्या सवयींचे किती बारीक ज्ञान असू शकते याची प्रचीती येते. तुळस, धोतर, लग्नातील विडे, असल्या लहानसहान गोष्टींची त्यात मनाई आहे. आणि त्याच यादीत लग्नात गायच्या ओव्यांचीही मनाई आहे. १६१६ मध्ये जी ओवी ख्रिस्ताची कथा घरोघर नेण्यासाठी हाती घेतली, तीच १७३६ मध्ये बायकांच्या तोंडी संशयास्पद ठरली. पाद्र्यांच्या या दोन पिढ्यांनी एकच गोष्ट ओळखली होती : मनुष्याचा धर्म त्याच्या कबुलीजबाबापेक्षा त्याच्या दिनक्रमात अधिक खोलवर असतो. पहिल्या पिढीने त्याचा उपयोग केला, दुसरीने त्याचे भय घेतले. 'क्रिस्तपुराणा'चे मूल्यमापन करताना या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या पाहिजेत. ते एका मोडलेल्या नेमाच्या जागी बसवलेले पुराण आहे. मोडले कोणी, हा प्रश्न त्याच्या ओव्यांच्या गोडव्यामुळे पुसला जात नाही. आणि त्या प्रश्नामुळे ओव्यांचा गोडवाही खोटा ठरत नाही.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट लेखकांपुढे अडचण वेगळी होती. ते स्वतःच्या निर्णयाने आलेले, आणि ते ज्यातून बाहेर पडले ते कर्मकांड निर्जीव सवय आहे, हाच त्यांचा मुख्य आक्षेप होता. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' (१८८८) हे याचे उत्तम उदाहरण. बालपणीची देवपूजा, व्रते, सण यांचे त्यातील वर्णन इतके भरगच्च आहे की, आज सामाजिक इतिहासासाठी ते पुन:पुन्हा वाचावे लागते. परंतु पुस्तकाचा रोख १८५४ च्या बाप्तिस्म्याकडे आहे, आणि नावाप्रमाणे ते उजाडताच थांबते. लिहिताना पदमनजी ख्रिस्ती होऊन चौतीस वर्षे झाली होती. त्या चौतीस वर्षांची सकाळ-संध्याकाळ कशी होती? जुनी सवय ज्या तपशिलाने आली, तिच्या शतांशाने तरी नवी यायला हवी होती. ती येत नाही. सवय ही दुसऱ्यांची असते, आपली असते ती श्रद्धा, अशी या लेखनाची अव्यक्त धारणा दिसते. मराठीतील प्रबोधनपर गद्याला ही धारणा फार भोवली आहे. ख्रिस्ती लेखकांपुरती ती मर्यादित नाही, सुधारकांच्या लेखनातही ती आहे.

पंडिता रमाबाई या धारणेच्या पलीकडे गेल्या, हे त्यांचे वाङ्मयीन वेगळेपण अजून नीट मांडले गेलेले नाही. १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मसाक्षीत त्यांनी कबूल केले की, त्यांना तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता; तो मिळायला आणखी आठेक वर्षे जावी लागली. घटना आणि अनुभव यांच्यातील हे अंतर मान्य करणे हेच मुळात धर्मांतरकथेच्या साच्याला नकार देणे आहे. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली जे पुनरुज्जीवन झाले त्याची वर्णने फार नाट्यपूर्ण आहेत. पण त्याच्या आधी काही महिने स्त्रिया रोज एकत्र जमून प्रार्थना करीत होत्या, हे त्यात एका ओळीत उरकले जाते. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. ते काम १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी आधी संपले आणि १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. सदनातल्या, नुकती अक्षरे गिरवलेल्या स्त्रियांना रोज वाचता यावे अशी मराठी त्यांना हवी होती. संस्कृत शास्त्रांवरील अधिकाराने 'पंडिता' ठरलेल्या बाईने संस्कृतप्रचुरता टाकून द्यावी, यामागे नम्रता होती असे सांगितले जाते. मला त्यात वाङ्मयीन निर्णय दिसतो. भाषांतर म्हणून त्याची चिकित्सा करताना आपण मुळाशी इमान किती, एवढेच तपासतो. रोजच्या वाचनात जिभेला ते कोठे अडते आणि कोठे सुटते, हा निकष आपल्याकडे नाहीच.

टिळकांच्या बाबतीत तर निकषाचा हा अभाव अधिक खुपतो. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून त्यांची सोय पाठ्यपुस्तकांनी लावली. खंडकाव्ये आणि स्फुट कविता यांची चर्चा झाली. परंतु टिळकांच्या ज्या रचना सर्वाधिक ओठांवर आहेत त्या 'उपासना-संगीता'त आहेत, आणि महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट उपासनेत दर रविवारी, अनेक घरांतून रोज, त्या म्हटल्या जातात. त्यांच्या आधी अहमदनगरच्या परिसरात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनाची वाट घातली होती. टिळकांनी ती रुळवली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक म्हणत, ते आपण नेहमी विचारांच्या पातळीवर समजून घेतो. वारकऱ्याला तुकोबा आणि हरिपाठ विचार म्हणून मिळत नाहीत. हरिपाठ संध्याकाळी म्हणायचा असतो. टिळकांनी तेथून उचलली ती म्हणण्याची रीत.

त्यांच्या अभंगांतील नाममुद्रेकडे पाहावे. टिळक मुद्रा योजतात ती 'दास'. समर्थांच्या परंपरेशी तिचे नाते उघड आहे, पण तेथे 'दास' हे 'रामदास' या व्यक्तीचे संक्षिप्त नाव असते. टिळकांच्या येथे ते कोणाचेच नाव नाही. 'तुका म्हणे' म्हणताना गाणारा क्षणभर तुकोबांमागे उभा राहतो. 'दास'पाशी मात्र जागा मोकळी असते आणि म्हणणारा स्वतः तेथे जाऊन उभा राहतो. ज्या रचनेचा कवी कोण हे गाणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते, तिची ही मुद्रा अगदी योग्य आहे. व्यक्तिविशिष्ट अनुभवाचा अनन्यसाधारण आविष्कार हा निकष येथे लावला तर या रचना फिक्या पडतात. त्यांतल्या काही खरोखरच फिक्या आहेत, विशेषणांनी सुजलेल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. पण शंभराव्या वेळी म्हणताना रचना म्हणणाऱ्याला आत घेते की बाहेर ठेवते, हा निकष लावला की वेगळीच प्रतवारी हाती येते. त्या प्रतवारीत पाठ्यपुस्तकांतले टिळक खाली आणि 'उपासना-संगीता'तले टिळक वर जातात.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. शंभराव्या वेळी म्हणणारा अर्थाकडे लक्ष देतो याची हमी काय? काहीही नाही. वसईत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी (१९६२–६५) लॅटिनमधील उत्तरे अर्थ न कळता तोंडपाठ असणारी पिढी होती. पण अर्थाकडे सतत लक्ष असणे ही छापील, एकट्याने मूकवाचन करायच्या कवितेची अट आहे. आपण ती सर्व काव्यावर लादली आहे. नेमाच्या रचनेत अर्थ नेहमी जागा नसतो, एखाद्या दिवशी जागा होतो. घरात मृत्यू झालेल्या संध्याकाळी तीच जपमाळ म्हटली जाते आणि आदल्या दिवशी निव्वळ ध्वनी असलेला शब्द त्या दिवशी शब्द होतो. अपरिचितीकरण येथेही घडते; ते कवीने केलेले नसते, आयुष्याने केलेले असते. रचनेचे काम तोवर तोंडात टिकून राहणे एवढेच. हे काम लहान वाटत असेल, तर दहा वर्षे तोंडात टिकेल अशी एक ओळ लिहून पाहावी.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे आता परत येता येईल. 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) उघडते ते श्रद्धेवर नव्हे, सवयीवर. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे, १८५७ नंतर सासऱ्यांना फाशी झाल्याच्या धक्क्यातून आलेले आणि घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याच्या टोकाला गेलेले. हे पहिले चित्र हसू आणि भय एकदमच उत्पन्न करते. ज्या मुलीचे बालपण असल्या नेमाखाली गेले तिचा नवरा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतो. तिचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० चा. या मधल्या पाच वर्षांकडे मी फळ्यावर आलेख काढताना चढण म्हणून पाहत होतो. प्रत्यक्षात तो सवयी उतरण्याचा काळ आहे. नवऱ्याकडे परत आल्यावरही तिचा स्वयंपाक वेगळा, तिचे पाणी वेगळे. ख्रिस्ती माणसाच्या घरात ब्राह्मण बाईची स्वतंत्र चूल. टिळकांसारखा उतावळा माणूस ही व्यवस्था सोसतो, हा त्या पुस्तकातला मला सर्वांत मोठा धर्मप्रसंग वाटतो. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न तिला एके दिवशी पडतो आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे असे ती ठरवते. हा निर्णय तिला ख्रिस्ताविषयीच्या एखाद्या सिद्धांताच्या आधी सुचतो, चुलीच्या आणि पाण्याच्या अंगाने सुचतो. तिचा धर्म ज्या जागी होता तेथूनच तो हलला.

आणि त्यानंतर ती काय करते? पुस्तक भरभरून सांगते, आपण ते ख्रिस्ती साहित्य म्हणून वाचत नाही इतकेच. अनाथ मुले घरात आणणे, पाहुण्यांच्या पंक्ती, पैसे हाती न टिकणाऱ्या नवऱ्याचा संसार, आजारपणे, भांडणे, पुन्हा पंक्ती. विनोदी म्हणून गाजलेल्या या पानांत प्रार्थनेचा उल्लेख भाजी निवडण्याच्या उल्लेखाइतका ओझरता येतो. पदमनजींच्या पुस्तकात जे नाही ते येथे आहे : नव्या श्रद्धेची दुपार. लक्ष्मीबाईंनी ती मुद्दाम रेखाटली नाही. साक्ष देण्याचा आव न आणल्यामुळे ती उतरली. सोवळ्याच्या जागी त्यांनी दुसरे सोवळे बसवले नाही. दाराशी येईल त्याला आत घेणे हाच त्यांचा नेम झाला आणि तो त्यांना नेम वाटतही नव्हता.

टिळकांनी हाती घेतलेले 'ख्रिस्तायन' १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूच्या वेळी सुमारे दहा अध्यायांवर थांबले होते. जिला त्यांनीच अक्षरे शिकवली होती त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. काव्य म्हणून त्यांतले बरेच सामान्य आहेत, आणि चौसष्ट अध्याय रोज थोडे थोडे लिहिल्याशिवाय होत नाहीत. ते प्रसिद्ध झाले १९३८ मध्ये, त्याही गेल्यानंतर. 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भागही त्यांच्या हातून पुरा झाला नव्हता. तो मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला.